भोर वाचते, वेल्हे मोडते

मराठी माहितीचे डेटाबेस सांभाळणाऱ्या मंडळींत एक समज इतका रुळला आहे की त्याला पुरावा मागावा असे सहसा कोणाला वाटत नाही. एखादी स्क्रिप्ट, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारून उत्तर आणणारी छोटी आज्ञावली, गावांची किंवा खातेदारांची नावे मागवते आणि पडद्यावर देवनागरीच्या जागी परक्या चिन्हांची रांग उमटते, तेव्हा या समजानुसार दोष युनिकोडचा किंवा थेट देवनागरीचा ठरतो. जोडाक्षरे आणि काना-मात्रा यंत्राला झेपत नाहीत असे सांगितले जाते. जुन्या फॉन्टच्या काळात सगळे ठीक चालत होते याची आठवण काढली जाते. आणि शेवटी नावे रोमन लिपीत साठवावीत, म्हणजे कटकट मिटेल, असा सल्ला दिला जातो. हा समज निदान म्हणून चुकीचा आणि उपाय म्हणून घातक आहे. तो चुकीचा कसा, हे दाखवण्यासाठी मोठ्या सिद्धान्तांची गरज नाही. पुणे जिल्ह्याच्या नैर्ऋत्य भागातील भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांची व त्यांतील गावा-गडांची नावे त्या कामाला पुरतात.

प्रथम संज्ञा स्पष्ट केलेल्या बऱ्या, कारण या वादातील निम्मा गोंधळ त्यांच्या सरमिसळीतून आलेला आहे. युनिकोड प्रत्येक वर्णचिन्हाला एक क्रमांक देते. हा क्रमांक बाइटांत, म्हणजे आठ-आठ बिटांच्या गटांत, कसा लिहायचा ते संकेतन, रोजच्या बोलण्यातले एन्कोडिंग, ठरवते. आणि त्या क्रमांकाचे रूप पडद्यावर कसे रेखायचे ते फॉन्ट ठरवतो. क्रमांक, बाइट आणि रूप या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. यूटीएफ-८ हे आज सर्वत्र चालणारे संकेतन केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी १९९२ मध्ये रचले. त्यात देवनागरीच्या मुख्य विभागातील प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, आणि सोळाच्या पायावरील अंकांत लिहिले तर त्यांतला पहिला बाइट नेहमी ‘ई०’ असतो व दुसरा ‘ए४’ किंवा ‘ए५’ यांपैकी एक असतो. ‘भोर’ या नावात भ, ओकाराची मात्रा आणि र अशी तीन चिन्हे येतात, म्हणून त्याचे बाइट नऊ होतात: ई० ए४ एडी, ई० ए५ ८बी, ई० ए४ बी०. ‘वेल्हे’ या नावात व, मात्रा, ल, हलन्त, ह आणि पुन्हा मात्रा अशी सहा चिन्हे असल्याने त्याचे बाइट अठरा होतात. यंत्राच्या दृष्टीने यात काहीही अवघड नाही. जोडाक्षर ही फॉन्टची जबाबदारी आहे. डेटाबेसला ते जोडाक्षर आहे याची कल्पनाही नसते आणि असण्याचे कारणही नाही. तेव्हा जोडाक्षरांमुळे डेटाबेस बिघडतो हा आरोप, ज्या पायरीवर जोडाक्षर अस्तित्वातच नाही, त्या पायरीवर त्याला गुन्हेगार ठरवतो.

मग ती परकी चिन्हे येतात कोठून? बाइट स्वतःविषयी काही सांगत नाहीत. ते कोणत्या संकेतनात वाचायचे ही माहिती सोबत द्यावी लागते. यूटीएफ-८ मधील बाइट पश्चिम युरोपीय भाषांसाठी बनलेल्या विंडोज-१२५२ या संकेतनात वाचले, तर प्रत्येक बाइट एक स्वतंत्र अक्षर समजला जातो: ‘ई०’ म्हणजे डोक्यावर तिरपी रेघ असलेले लॅटिन ए, ‘ए४’ म्हणजे चलनाचे सर्वसाधारण गोल चिन्ह आणि ‘ए५’ म्हणजे जपानी येनचे चिन्ह. दर तिसऱ्या अक्षराला तोच तिरप्या रेघेचा ए येतो, म्हणून बिघडलेला मराठी मजकूर दुरूनही ओळखू येतो. ज्याला गोंधळ म्हटले जाते त्याला इतका काटेकोर नियम आहे की त्याला गोंधळ म्हणणेच चूक ठरावे. माहिती शाबूत आहे आणि तिच्यावरची पाटी तेवढी चुकली आहे, एवढाच त्याचा अर्थ.

या पाटीचा इतिहासही आरोप करणाऱ्यांच्या बाजूचा नाही. मायएसक्यूएल हा मोठ्या प्रमाणावर वापरला जाणारा मुक्त डेटाबेस स्वीडनमध्ये जन्मला, आणि २०१८ मध्ये आठवी आवृत्ती येईपर्यंत, वेगळे सांगितले नाही तर, त्याचा प्रत्येक नवा तक्ता लॅटिन-१ या संकेतनात आणि स्वीडिश वर्णक्रमात उघडत असे. म्हणजे भोर तालुक्यातील गावांची यादी करायला बसलेला माणूस एक ओळ लिहायला विसरला, की कापूरहोळ आणि नसरापूर ही नावे स्वीडिश क्रमाने लावण्याच्या तयारीत तो डेटाबेस असे. यात देवनागरीचा अपराध कोणता, हे आरोप करणाऱ्यांनी सांगावे.

या साऱ्या प्रकरणातील सर्वांत फसवा युक्तिवाद म्हणजे ‘आधी नीट दिसत होते, नव्या स्क्रिप्टने बिघडवले’ हा होय, आणि त्याचा प्रतिवाद सविस्तर करणे भाग आहे, कारण तो खोटेपणाने नव्हे तर डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीच्या आधारे केला जातो. स्क्रिप्ट आणि डेटाबेस यांच्यातील जोडणीला स्वतःचे संकेतन असते. मायएसक्यूएलमध्ये तर त्याचे तीन भाग आहेत: स्क्रिप्ट पाठवते तो मजकूर कोणत्या संकेतनात आहे, सर्व्हरने तो कशात बदलून घ्यायचा, आणि उत्तर कशात परत द्यायचे. समजा जुन्या स्क्रिप्टने ‘भोर’चे नऊ बाइट यूटीएफ-८ मध्ये पाठवले, पण जोडणीने मात्र आपण लॅटिन-१ बोलत असल्याचे जाहीर केले, आणि तक्त्यातील रकाना यूटीएफ-८ चा होता. सर्व्हर इमानेइतबारे ते नऊ बाइट नऊ युरोपीय अक्षरे समजतो, त्या प्रत्येक अक्षराचे यूटीएफ-८ मध्ये रूपांतर करतो आणि साठवतो. आता रकान्यात ‘भोर’ नाही. नऊ परकी अक्षरे आहेत, जी एकोणीस बाइट व्यापतात. तीच स्क्रिप्ट तोच खोटा दाखला देऊन नाव परत मागते तेव्हा सर्व्हर उलटे रूपांतर करतो, मूळचे नऊ बाइट बाहेर येतात आणि पडद्यावर निर्मळ ‘भोर’ उमटते. दोन चुका एकमेकींना झाकतात. पुढे कोणी नवी स्क्रिप्ट लिहितो, जोडणीचे संकेतन नियमाप्रमाणे यूटीएफ-८ असे सांगतो, आणि सर्व्हर त्याला रकान्यात खरोखर जे आहे ते देतो. खरे बोलणाऱ्या स्क्रिप्टवर बिघाडाचा आळ येतो आणि वर्षानुवर्षे चुकीचे लिहिणारी स्क्रिप्ट प्रमाण ठरते.

येथून पुढे जे घडते ते मूळ चुकीपेक्षा वाईट असते. ‘नीट दिसेपर्यंत बदलत राहा’ ही दुरुस्तीची पद्धत म्हणून स्वीकारली जाते. नव्या स्क्रिप्टमध्येही जोडणीचा खोटा दाखला घातला जातो, किंवा पीएचपी या भाषेतील ‘यूटीएफ-८ एन्कोड’ नावाचे फंक्शन जागोजागी लावले जाते. या फंक्शनच्या नावावरून ते कोणत्याही मजकुराला यूटीएफ-८ बनवते असे वाटते; प्रत्यक्षात ते आलेला मजकूर लॅटिन-१ आहे असे गृहीत धरते, म्हणजे मराठीच्या बाबतीत दुहेरी संकेतनाचा तोच घोळ पुन्हा करते. त्याच्या नावाने होणारी फसगत इतकी सार्वत्रिक होती की २०२२ च्या अखेरीस आलेल्या पीएचपी ८.२ मध्ये ते कालबाह्य ठरवण्यात आले. तोवर एकाच तक्त्यात तीन पिढ्यांच्या ओळी साठलेल्या असतात: काही शुद्ध, काही एकदा बिघडलेल्या, काही दोनदा. अशा तक्त्यावर कोणतीही एकच सरसकट दुरुस्ती चालवली की काही ओळी सुधारतात आणि शुद्ध होत्या त्या बिघडतात.

डोळ्यांची साक्ष या कामात ग्राह्य धरता येत नाही. साक्ष बाइटांची घ्यावी लागते, आणि ती घेणे एका ओळीचे काम आहे. बहुतेक डेटाबेसांत साठवलेला मजकूर सोळाच्या पायावरील अंकांत दाखवणारी सोय असते; मायएसक्यूएलमध्ये ती ‘हेक्स’ या नावाने आहे. ‘भोर’ असलेल्या ओळीवर ती चालवली आणि ई०ए४एडी अशी सुरुवात दिसली, तर बाइट शुद्ध आहेत, आणि बिघाड असेल तर रकान्याच्या पाटीत किंवा जोडणीत आहे. सी३ए०सी२ए४ अशी सुरुवात दिसली तर दुहेरी संकेतन झाले आहे आणि बहुधा ते उलटवता येईल. ३एफ३एफ३एफ दिसले तर तेथे तीन प्रश्नचिन्हे आहेत आणि नाव संपले आहे. यांपैकी पहिल्या प्रकारात रकान्याची पाटी बदलायची असते, पण ती थेट बदलली तर सर्व्हर बाइटांचेही रूपांतर करतो आणि शुद्ध माहिती दुहेरी करून ठेवतो. म्हणून रकाना आधी निव्वळ बाइटांचा, म्हणजे बायनरी, करायचा आणि मग त्याला यूटीएफ-८ ची पाटी लावायची, असा दोन पायऱ्यांचा मार्ग घ्यावा लागतो. चिन्हांची संख्या मोजणे ही आणखी सोपी कसोटी आहे. शुद्ध ‘भोर’ची लांबी तीन चिन्हे भरते, नऊ भरली तर पुढे वाद घालण्याचे कारण उरत नाही.

बहुधा उलटवता येईल, असे वर म्हटले, कारण या ‘बहुधा’ची किंमत दोन तालुक्यांना सारखी पडत नाही. विंडोज-१२५२ मध्ये पाच बाइटांना कोणतेच अक्षर दिलेले नाही: ८१, ८डी, ८एफ, ९० आणि ९डी. मराठीच्या दुर्दैवाने हलन्ताचा तिसरा बाइट नेमका ८डी आहे, पहिल्या उकाराचा ८१ आहे, झ या अक्षराचा ९डी, ए या स्वराचा ८एफ आणि ऐ या स्वराचा ९० आहे. काही प्रणाली अशा अनाथ बाइटांना गुपचूप पुढे जाऊ देतात. मायएसक्यूएलचे लॅटिन-१ त्यांपैकी आहे. पण पायथनसारख्या भाषेतील काटेकोर रूपांतर तेथे त्रुटी दाखवून थांबते, आणि त्रुटी नको म्हणून ‘जे जमत नाही ते बदलून टाका’ असा पर्याय निवडला असेल तर तो बाइट कायमचा जातो. परिणाम असा की भोर, तोरणा, राजगड, पानशेत, केळद, भाटघर ही नावे या फेऱ्यातून सुखरूप परत येऊ शकतात, तर वेल्हे, विंझर, गुंजवणे, मार्गासनी, रायरेश्वर आणि खुद्द पुणे ही नावे मोडतात. वेल्हे तालुक्याला २०२५ मध्ये राजगड हे अधिकृत नाव मिळाल्याने तालुक्याच्या नावापुरती ही पंचाईत टळली, असे कोणी गमतीने म्हणू शकेल. पण गाव वेल्हेच राहिले आहे आणि तालुक्यातील बुद्रुक व खुर्द गावांच्या नावांत उकार आणि हलन्त दोन्ही ठाण मांडून बसले आहेत. भोरलाही फार निर्धास्त राहता येत नाही, कारण भ च्या तिसऱ्या बाइटाचे विंडोज-१२५२ मधील रूप म्हणजे अदृश्य संयोगचिन्ह असते, आणि ‘अदृश्य चिन्हे साफ करा’ असा हुकूम देणारी स्वच्छताप्रिय स्क्रिप्ट ते पुसून टाकते. ठ चा तिसरा बाइट तसाच न तुटणारी मोकळी जागा बनतो. ‘पेठ’ किंवा ‘मठ’ असा शेवट असलेल्या नावाच्या कडेची मोकळी जागा छाटली की ठ अर्धवट राहतो.

म्हणून चाचणीत ‘भोर’ व्यवस्थित आले एवढ्यावर स्क्रिप्ट बरोबर आहे असे प्रमाणपत्र देणे म्हणजे सर्वांत सोप्या प्रश्नावर विद्यार्थी उत्तीर्ण करणे होय. नावांची निवड नशिबावर सोडायची नसते.

प्रश्नचिन्हांचा प्रकार वेगळा आणि अधिक गंभीर आहे, आणि दोहोंची गल्लत करणारे सल्लागार मोठे नुकसान करतात. ज्या संकेतनात देवनागरीला जागाच नाही अशा संकेतनात मजकूर बदलून घेतला, तर सर्व्हर प्रत्येक चिन्हाच्या जागी एक प्रश्नचिन्ह ठेवतो. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये क्वेरीतील, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नातील, मराठी नावाच्या अवतरणाआधी एन हे अक्षर लिहायचे राहिले की अनेकदा असेच घडते, कारण त्या अक्षराशिवाय तो मजकूर डेटाबेसच्या जुन्या संकेतपानात, म्हणजे युनिकोडपूर्व संकेतनात, ढकलला जातो, आणि विंडोजमध्ये देवनागरीसाठी असे संकेतपान कधी नव्हतेच. रकाना युनिकोडचा असला तरी उपयोग होत नाही. नाव दारातच संपलेले असते. ‘राजगड’ आणि ‘तोरणा’ या दोन्ही नावांत पाच-पाच चिन्हे आहेत, तेव्हा दोन्ही गड पाच प्रश्नचिन्हे होतात. ‘वेल्हे’ आणि ‘पानशेत’ दोन्ही सहा. कोणते गाव कोणते होते हे सांगणारी एकही खूण त्या ओळीत उरत नाही, आणि कोणतीही हुशार स्क्रिप्ट ते परत आणू शकत नाही. येथे जुनी प्रत किंवा मूळ कागद हाच आधार. पडद्यावर चौकटी दिसणे म्हणजे फॉन्ट नसणे, आणि पोकळ वर्तुळावर लटकलेली मात्रा दिसणे म्हणजे चिन्हांचा क्रम चुकणे. या दोहोंचा डेटाबेसच्या संकेतनाशी सहसा संबंध नसतो, एवढे सांगून ते बाजूला ठेवता येतात.

क्वेरी चुकली तर त्रुटी तरी दिसते. संकेतन चुकले तर पुष्कळदा काहीच दिसत नाही, आणि हे जास्त धोक्याचे. स्क्रिप्टची फाइल एका संकेतनात जतन झाली असेल आणि तक्ता दुसऱ्यात असेल, तर ‘ज्यांचे गाव वेल्हे आहे असे सर्व’ ही मागणी शून्य ओळी परत करते. यंत्राच्या भाषेत हे बिनचूक उत्तर आहे. कचेरीच्या भाषेत त्याचा अर्थ ‘या गावचा लाभार्थी नाही’ असा लावला जातो, आणि ज्याचे नाव गाळले गेले त्याला ते गाळले गेल्याचे कळण्याचा मार्ग नसतो. स्वल्पविरामांनी विभागलेल्या फायलींची कथा अशीच आहे: यूटीएफ-८ मधील यादी एक्सेलमध्ये सरळ उघडली की नावे विद्रूप दिसतात, म्हणून फाइलीच्या आरंभी तीन बाइटांची ओळखखूण घातली जाते, मग तीच फाइल आयात करणारी स्क्रिप्ट ती खूण पहिल्या रकान्याच्या शीर्षकाचा भाग समजते आणि ‘गाव’ नावाचा रकाना सापडत नाही अशी तक्रार करते.

आता रोमन लिपीच्या सल्ल्याकडे वळता येईल. त्याचे समर्थक म्हणतात की नाव रोमनमध्ये साठवले तर बाइटांचा प्रश्नच येत नाही. हे खरे आहे. नावच राहत नाही, म्हणून नावाचा प्रश्नही राहत नाही. नित्याच्या रोमन लेखनात ल आणि ळ, न आणि ण, त आणि ट, ध आणि ढ यांना एकच अक्षर मिळते, आणि ऱ्हस्व अ व दीर्घ आ यांतही भेद राहत नाही. अशा नोंदीतून देवनागरी परत करणारी स्क्रिप्ट केळदचे केलद करील, वेळूचे वेलू करील, कान्होजी जेध्यांच्या कारीची करी करील आणि जेधे व जेढे यांत निवड करण्यासाठी नाणेफेक करील. शिवाय रोमन लेखन एकच एक नसते. खुद्द वेल्ह्याचा आरंभ कोणी व्ही या अक्षराने करतो, कोणी डब्ल्यूने. शेवटी कोणी ई लिहितो, कोणी ए. म्हणजे एका गावाची चार रूपे, आणि त्या चारही रूपांतील एकत्व सिद्ध करण्याची जबाबदारी पुन्हा स्क्रिप्टवर. ज्या संदिग्धतेचा आरोप देवनागरीवर होता ती रोमनमध्ये अनेक पटींनी आहे, आणि तेथे ती उलटवता येत नाही. गावांना सांकेतिक क्रमांक द्यावेत हा मुद्दा मात्र रास्त आहे. राजगड तालुक्याच्या नामांतराने तो अधोरेखितच केला, कारण ओळख नावावर बांधलेल्या तक्त्याला नामांतर म्हणजे संकट, आणि क्रमांकावर बांधलेल्याला एका रकान्यातील बदल. पण क्रमांक नावाची जागा घेत नाही. दाखल्यावर शेवटी नावच छापायचे असते.

जुन्या फॉन्टच्या सुवर्णकाळाबद्दल थोडक्यात सांगता येईल, कारण तो काळ डेटाबेसपुरता कधी अस्तित्वातच नव्हता. त्या व्यवस्थेत साठवली जात ती लॅटिन अक्षरे; फॉन्ट त्यांना देवनागरीचे सोंग देत असे. फॉन्ट काढला की मजकूर निरर्थक, आणि दुसऱ्या कंपनीचा फॉन्ट लावला की वेगळ्या तऱ्हेने निरर्थक. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी दिसते म्हणून आधीच साठवली जाई, त्यामुळे ‘विंझर’ शोधताना वेलांटीपासून सुरुवात करावी लागे. जे लोक युनिकोड परके म्हणून नाकारतात त्यांना हेही माहीत असावे की १९९१ मध्ये आलेल्या युनिकोडमधील देवनागरीची मांडणी इस्की या भारतीय मानकाच्या १९८८ मधील रूपावर आधारलेली आहे, आणि त्या मानकावर उभ्या राहिलेल्या जिस्ट तंत्रज्ञानाची वाटचाल कानपूरच्या आयआयटीतून पुण्याच्या सीडॅकमध्ये झाली. घरचेच काम जगाने स्वीकारले, त्याला घरात विरोध होतो.

तीन बाइटांच्या उधळपट्टीचा आक्षेपही हिशोबात टिकत नाही. तीस चिन्हांचे लांबलचक नाव नव्वद बाइट घेते. अशी एक लाख नावे नव्वद लाख बाइट, म्हणजे सुमारे नऊ मेगाबाइट, एवढ्यात बसतात आणि मोबाइलवर काढलेली दोन-तीन छायाचित्रे तेवढी जागा घेतात. या आक्षेपात तथ्य आहे ते दुसरीकडे: ओरॅकलसारख्या डेटाबेसमध्ये रकान्याची लांबी, वेगळे सांगितले नाही तर, बाइटांत मोजली जाते, त्यामुळे तीसच्या रकान्यात मराठीची दहाच चिन्हे मावतात. पण हे रकाना आखणाऱ्याने मोजून पाहायचे असते.

प्रतिपक्षाचे जे म्हणणे खरे आहे ते मान्य केले पाहिजे, आणि ते युनिकोडच्या अतिउत्साही प्रचारकांना उद्देशून सांगितले पाहिजे, ज्यांना यूटीएफ-८ हा शब्द उच्चारला की सर्व व्याधी दूर होतात असे वाटते. मराठीतील पुढच्या व्यंजनाच्या आधी आडव्या चंद्रकोरीसारखा येणारा र दोन तऱ्हांनी लिहिला जातो. ‘रोहिड खोऱ्यातील’ हे शब्द एक जण ऱ या स्वतंत्र चिन्हाला हलन्त जोडून टंकतो, तर दुसरा साध्या र ला हलन्त आणि त्यापुढे शून्य रुंदीचे जोडचिन्ह देऊन. डोळ्यांना दोन्ही एक, बाइट वेगळे. युनिकोडमध्ये समतुल्य रूपे एक करण्याची प्रमाणीकरण नावाची प्रक्रिया आहे, पण ती या दोहोंना एक मानत नाही. ॲ चेही तसेच: २००८ मध्ये या स्वराला स्वतंत्र क्रमांक मिळाला, त्याआधीचे लेखन अ वर चंद्र देऊन होई, आणि प्रमाणीकरण त्या दोहोंतही नाते जोडत नाही. ळ चा क्रमांक ल नंतर आणि व च्या आधी असल्याने निव्वळ क्रमांकांनी लावलेली यादी मराठी वर्णमालेप्रमाणे ळ ला ह नंतर ठेवत नाही. त्यासाठी मराठी वर्णक्रम जाणणारी व्यवस्था निवडावी लागते, जी पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये २०१७ च्या दहाव्या आवृत्तीपासून मिळू शकते. हे दोष खरे आहेत, पण त्यांतला एकही रोमनकडे धाव घेण्याचे कारण होत नाही. मजकूर तक्त्यात शिरण्यापूर्वी ही जोडरूपे एका ठरलेल्या रूपात आणणारा दहा-वीस ओळींचा नियम लिहिला की ते आवाक्यात येतात.

दुरुस्तीच्या रीतीबद्दलही एक आक्षेप नोंदवणे आवश्यक आहे. जमिनीच्या कागदपत्रांत नाव हा हक्काचा पुरावा असतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिच्या कलम १५५ मध्ये लेखनप्रमादाच्या दुरुस्तीची तरतूद आहे, आणि हक्कातील बदलांसाठी फेरफार नोंदवही, म्हणजे गाव नमुना ६, ठेवली जाते. हाताने लिहिण्याच्या काळापासून या व्यवस्थेचे तत्त्व एकच राहिले आहे की कोणी, केव्हा, कशाच्या आधारे आणि काय बदलले हे मागे राहिले पाहिजे. संकेतन दुरुस्त करणारी स्क्रिप्ट एका हुकमात हजारो नावे बदलते आणि बहुधा यांतले काहीच मागे ठेवत नाही. ज्या कामाला तलाठ्याच्या लेखणीने नोंद करावी लागली असती ते काम यंत्राने केले म्हणून नोंदीतून सुटत नाही. मूळ बाइट वेगळ्या रकान्यात राखावेत, बदललेली प्रत्येक ओळ बदलाच्या कारणासह लिहून ठेवावी, आणि शंकास्पद ओळी माणसापुढे याव्यात. यात वेळ जातो, आणि तो जायलाच हवा.

शेवटचा मुद्दा मोडीचा. भोर हे १९४८ पर्यंत पंतसचिवांचे संस्थान होते आणि या मुलखाचा जुना पत्रव्यवहार मोडीत झालेला आहे. मोडी लिपीला युनिकोडमध्ये २०१४ च्या सातव्या आवृत्तीत जागा मिळाली, पण ती मूळ पहिल्या विभागाबाहेर, त्यामुळे तिच्या प्रत्येक चिन्हाला यूटीएफ-८ मध्ये तीन नव्हे, चार बाइट लागतात. मायएसक्यूएलमध्ये ज्याला दीर्घकाळ नुसते यूटीएफ-८ म्हटले गेले ते प्रत्यक्षात तीन बाइटांवर थांबणारे अपुरे रूप आहे. चार बाइटांचे पूर्ण रूप, यूटीएफ८एमबी४, २०१० मध्ये आले. देवनागरीला अपुरे रूप पुरते, म्हणून त्यातील उणीव देवनागरी चाचण्यांत कधीच उघडी पडत नाही. मोडीचे पहिले चिन्ह आले की काटेकोर मांडणीतील डेटाबेस नोंद नाकारतो, आणि सैल मांडणीतील डेटाबेस फक्त एक इशारा देऊन त्या चिन्हापासून पुढचा सगळा मजकूर छाटून टाकतो. इशारा वाचण्याची सवय स्क्रिप्टांना नसते.

तेव्हा भोर-वेल्ह्यातील कोणतीही यादी, मग ती सातबाराची असो, शाळेच्या पटाची असो वा मोडी कागदांच्या सूचीची, यंत्रात घालण्याचे काम जो कोणी देत असेल, त्याने काम स्वीकारण्यापूर्वी तीन गोष्टी लेखी मागाव्यात: तक्त्याचे व जोडणीचे संकेतन काय ठेवले आहे, वेल्हे, विंझर, गुंजवणे आणि खोऱ्यातील या चार शब्दांचे व एका मोडी शब्दाचे साठवलेले बाइट काय आहेत, आणि दुरुस्तीची स्क्रिप्ट चालवल्यास तिची नोंद कोठे राहील. ही उत्तरे हाती येईपर्यंत बिघडलेल्या तक्त्यावर एकही बदलाचा हुकूम चालवू देऊ नये.